नटावरचं कुंकू

मी मूळचा मेडशीचा, पन हाताले काम लागलं अकोल्यात, उस्तादाच्या गॅरेजात, अन् मंग इथं मालेगावात रोडवर सोताचं टाकलं, तीस वर्षं तं झालीच असतील. काय सांगू तुमाले, उस्तादाचं एकच सांगनं होतं, नट पुरा आवळला का त्याच्यावर खून कर. खून म्हंजे निशानी हो, तुमी पुस्तकवाले हासता आमच्या बोलीले. थो पान खानारा मानूस, खिशात चुन्याची डबी, नट आवळला का चुन्याचं बोट लावे. मी पान खात नाई, माह्याजवळ देवाच्या फळीवरचा करंडा, तं मी कुंकवाचं बोट लावाले लागलो. इतकाच फरक बाप्पा, इतकाच.

बाबाराव माहा लंगोटीयार, मेडशीचाच, मंडपाचा धंदा होता त्याचा. जुनी पांढरी गाडी घेतली होती त्यानं, तिचं स्टेरिंग ह्ये मोठं, पातळ, जागोजाग तडकलेलं, हाताले टोचे. थो म्हने मले लहान पाह्यजे, काळं, कातड्याचं, पोरं लावतात तसं. म्या म्हटलं अरे बुढ्या, या वयात कोनाले दाखवतं? थो म्हने तुह्या वयनीले. वयनी म्हंजे त्याची बायको, बाजूलेच उभी, पदर तोंडाले लावून हासून राह्यली होती. थे हासनं मले अजून आयकू येते.

दिवस दसऱ्याचा. म्या म्हटलं आज औजारं पूजेत मांडली, आज हात लावत नाई, पन आयकतो कुठं थो, म्हने आज सोनं वाटत गावात जातो तं नव्या स्टेरिंगनंच जातो. मंग काय, जुनं काढलं, नवं स्टेरिंगच्या दांड्याच्या दात्यांवर बसवलं, मधातला नट बोटानं फिरवून टेकवला, अन् मोठा पाना पूजेत होता थो आनाले आत गेलो. तितक्यात एक जन आपट्याची पानं घेऊन आला, गळ्यात पडला, त्याच्यामांगं दुसरा, मंग चहा. बाहेर येऊन पाह्यतो तं नटावर कुंकू. म्या मनात म्हटलं, हे तं झालं आपलं. हॉर्नची टोपी दाबून बसवली अन् चाबी त्याच्या हातात देल्ली.

कुंकू माहं नव्हतं. मी आत असतानी वयनीनं गाडीची पूजा केली होती, बोनटले, चाकाले, अन् स्टेरिंगच्या मधात. तुमी ह्ये छापलं तरी वयनीले वाचता येत नाई म्हनून तुमाले सांगून राह्यलो, नाई तं ह्ये माह्या तोंडून कदी निंघालं नसतं.

मेडशीच्या अलीकडं वळनावर रोही, थे नीलगाय हो, आडवा आला म्हन्ते. गाडी पुलावरून खाली गेली अन् बाबाराव जागीच गेला. सारे म्हने रोह्यानं घेतला त्याले. चार दिवसांनं गाडी ओढत माह्याच आवारात आनून टाकली, स्टेरिंग सीटवर पडलेलं, लोक म्हने धक्क्यानं निंघालं. म्या टोपी उचकटली तं नट माह्या हातावर घरंगळला. आटे शाबूत. धक्क्यानं निंघाला असता तं आटे कापले गेले नसते का? थो आवळलाच नव्हता. अन् त्याच्यावर लाल.

तवापासून थो नट माह्या तळहातावरच हाय. भर दुपारी, गिऱ्हाईक समोर उभं असतानी, मले त्याचं वजन लागते, मी हात झटकतो. गेलेल्या गाडीच्या मांगं स्टँडपर्यंत पळतो, थांब बावा, पुन्ना पाहू दे म्हन्तो. लोक म्हन्तात मिस्तरीचं डोस्कं सरकलं. म्हनू द्या.

पन त्याच्याहून वाईट म्हंजे वयनी. दरसाल दसऱ्याले सोनं द्याले येनार, बसनार, अन् एकच इचारनार, भाऊजी, म्या त्या दिवशी मनापासून पूजा केली होती, काय चुकलं माह्या हातून? तिनं देवाले दिवा लावनं सोडलं, म्हने माही पूजा देवाले चालत नाई. मी मान खाली घालून आपट्याची पानं मोजत बसे. काय सांगू तिले, का तुह्याच हातच्या कुंकवानं मले फसवलं? सांगितलं तं थे मरन, नाई सांगितलं तं अशी झुरन.

यंदा मले सहन नाई झालं. तिचे पाय धरले, म्हटलं वयनी, तुमचं काईच चुकलं नाई, म्या नट आवळला नाई, सनाच्या गडबडीत इसरलो अन् गाडी तशीच देल्ली. कुंकवाचं नाव काढलं नाई. तिनं पाय मांगं ओढले. मले वाटलं आता चप्पल काढते, काढली असती तं मी मोकळा झालो असतो.

मंग म्हने, म्हंजे माह्या पूजेत खोट नव्हती?

म्या म्हटलं नाई वयनी, काईच खोट नव्हती.

थे उठली, आनलेलं सोनं तसंच मुठीत धरून चालली गेली. आता दुकानावरून जाते तं तोंड फिरवून जाते. बरोबर हाय तिचं. तिची शेजारीन सांगत होती, वयनी आता रोज दिवा लावते, देवासंग बोलत बसते. बोलू द्या. माह्यासंग नाई बोलली तं चालते. सुखी राहो बिचारी, अन् खरं काय थे माह्यासंगच जळो.