टोपणाला दुसरा हात

सोलापूर स्टेशनात अक्कलकोट रोडच्या तिकिटांची रांग हलत नव्हती. रावजी अडत्याला धान्यासारखी माणसंही पारखायची खोड. त्याने पुढच्या सासरे-जावयाकडे कान लावले.

“काय चनबसप्पा, गिरणीतल्या केबलच्या टोकाचं टोपण पुन्हा बिघडलं का?”

“न्हाय मामा, टिकलं.”

“मागं बी टिकलं म्हणाला हुता. मग रंगखात्यातली वाफ केबलच्या टोकात शिरली, ठिणग्या उडाल्या, साहेबानं घरी बसवायची भाषा केली. म्हणून तर माझ्या लेकीला, दाक्षायणीला माहेरी ठेवून घेतली.”

“ह्या खेपेला पंधरवडा झाला, वाफेतच चालू हाय. साहेबानं स्वतः वरनं पाण्याची बादली ओतून बघितली. आता सगळ्या गिरणीची टोपणं मीच करायची.”

“आन् आदी काय बिघडत हुतं?”

“पितळी टोपण बेस हुतं. आत कडत डांबर भरायचो, ते निवलं की आकसायचं आन् मदी पोकळ राहायचं. वाफ तितंच शिरायची.”

“मग?”

“निवल्यावर पुन्हा ओततो. मागं तुमच्याकडं आलो, तवा दाक्षायणी चूल लिंपत हुती. म्हणाली, पहिला हात वाळला की भेगा पडत्यात, दुसरा हात मारल्याबिगर चूल हुती व्हय?”

“मला न्हाय बोलली कधी!”

“तुमी इचारलं कुटं?”

म्हातारा खाकरला. तेवढ्यात रांग सरकून खिडकी आली.

“बाबू, अक्कलकोट रोडची दोन द्या. उद्या येताना बी जावयाला दोनच लागतील.”

“मामा, तुमी बी येताय?”

“मी कशाला? माझ्या जागी लेक बसंल की!”