तिसरी हाक

अबोला घरात चालतो रे, आमच्या कामात नाही. हसू नका, सांगतो.

चेंबूरच्या यार्डात आम्ही केमिकलचे टँकर धुतो. आधी आतलं प्रेशर सोडायचं, पाण्याने धुवायचं, मीटरने आतली हवा तपासायची, मगच माणूस खाली उतरवायचा. दुसरा वर झाकणापाशी बसतो, खालच्याच्या पट्ट्याला बांधलेली दोरी धरून. दर मिनिटाला वरच्याने हाक मारायची, खालच्याने ओ द्यायची. ओ आली नाही, की काही विचार न करता ओढायचं.

त्या दिवशी सदा आत होता, मी वर. गणपतीची सुट्टी मला मिळाली, त्याला नाही, म्हणून सकाळपासून तो माझ्याशी बोलत नव्हता.

"सदा!"

गप्प.

"ए सदा, ओ दे ना यार!"

गप्प. म्हटलं, रुसलाय, रुसू दे. तिथेच चुकलो.

तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, तेव्हा दोन्ही हातांनी दोरी धरली. कसाबसा कप्पीवरून त्याला वर ओढला. तळाचा गाळ खरवडताना त्यात अडकलेला गॅस सुटला होता.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी तो बोलायला लागला. मी म्हणालो, "माफ कर रे. मला वाटलं, तू रागाने गप्प आहेस."

"होतोच ना," तो म्हणाला. "पहिल्या दोन हाका ऐकून मुद्दाम गप्प बसलो. तिसरीला ओ द्यायची होती रे, पण तोंडच उघडेना."