आजीच्या गोष्टीचा सारांश

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर बाप-लेक नंबरची वाट पाहत होते. लेकीच्या मांडीवर शाळेची वही होती.

“बाबा, गोष्टीचा सारांश कसा लिहायचा?”

“कोण होतं, काय झालं, शेवट काय झाला. उगाच पाल्हाळ लावायचं नाही.”

“मी आजीने सांगितलेली गोष्ट घेतलीय. एका बाईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मुलगा न्यायला येणार होता. ती सकाळपासून चपला घालून दारात बसली. तो आलाच नाही. शेवटी ती शेजारणीबरोबर गेली.”

“त्याला ऑफिसात काम होतं, असं लिही.”

“होतं का?”

“नव्हतं गं. मी विसरूनच गेलो होतो.”

“म्हणजे तो मुलगा तुम्ही? आजी तर म्हणाली, त्याचं नाव विचारू नकोस, बिचाऱ्याला वाईट वाटेल.”