कड्याच्या वाटेवरची करवंदं

ऐका रे. हसताय काय? ती चुलीपाशी पदरात तोंड लपवून बसलीय ना, माझी बायको धुरपा, तिचीच गोष्ट हाय.

बाजार करून आम्ही दोघं अंधार पडल्यावर निघालो. तान्हं पोर शेजारणीकडं ठेवलेलं. म्हटलं, कड्याच्या वाटेनं जाऊ, लवकर पोचू. ही म्हणाली, "नको." पण आमचं डोकं! ऐकतंय कुठं!

वाटेच्या कडेनं करवंदीचं कुंपण, पार वाडीपर्यंत. ते धरून चाललं की झालं. चाललो. चाललो. कुंपण कधी सुटलं, कळलंच नाही. समोर तोच वठलेला आंबा! पुन्हा तोच! चकवा लागला, बाबांनो!

मग लांब दिवा दिसला. मग पोर रडलं. आमच्याच पोराचा आवाज! धावत सुटलो, तर पुढं जाळी, करवंदांनी लगडलेली. घशाला कोरड पडलेली. मूठभर तोंडात कोंबली. गोड, नुसता गूळ!

मागनं ही म्हणते, "अवं, ओठ चिकटलं का?"

"नाही."

"थुंका!"

अशी ओरडली की मी थुंकलोच. हिनं फांदी मोडली. करवंदीला चीक असतो, हिला थेंब नाही! काटा दाबला. टोचेना! "ही करवंदी न्हाई," म्हणाली, आणि सदरा धरून मला मागं ओढलं. माझ्या पायाखालचा दगड सुटला. पडल्याचा आवाजच आला नाही. कडा होता तिथं!

आता पोर दरीतनं हाका मारायला लागलं, "आये! आये!" आमचं पोर अजून बोलत नव्हतं, बरं का! ही रडत होती, पण वळली नाही.

अंधारात एकेक झुडूप चाचपत गेली. एकाच्या वाकड्या काट्यानं लुगडं धरलं. "बोर," म्हणाली, सोडली. पुढं सरळ काटे, जोडीजोडीनं. पान मोडलं, बोटं चिकटली. "ही आपली!"

मग कुंपण सोडलं नाही तिनं. काट्यांत हात घालून पहाटे मला वाडीत आणलं. तळहातांची चाळण झालेली. पोर शेजारणीकडं गाढ झोपलेलं. त्याच हातांनी उचललं अन् पदराखाली घेतलं.

त्या वाटेनं जाऊ नका. मी गेलो अन् परत आलो, कारण मागं ही होती. तुमच्या मागं कोण आहे?