पाठकोरा कागद

हॅलो?… हां मायाताई, बोल… न्हाई गं, शाळेतच हाय, मधली सुट्टी झाली. दौंडात पाऊस हाय का? तुझा आवाज तुटतोय… थांब, खिडकीशी येते… हां, आता बोल.

व्हय, आलेत ना साहेब, शिरूरवरनं. बक्षिसाची तपासणी. आत्ता ऑफिसात चहा घेतायत… अगं ऐक ना, पहिल्यापासनं सांगू दे.

पाठकोऱ्या कागदांच्या वह्या मी शिवते ना पोरींना… हां, त्याच. कोरेगावच्या कंपनीतनं भाऊजी आणतात ते, एका बाजूनं छापलेले. दोन वर्षं बोटात दाभण टोचून घेतीय मी. आन् 'कागद वाचवणारा वर्ग' म्हणून अर्जावर नाव कुणाचं? हेडसराचं… एकट्याचं. माझं कुठंच न्हाई.

…तीच की, ह्याच हेडसरानं मला दिलेली नोटीस, दिवाळीआधीची. 'वर्गात रद्दी साठवता, लेखी खुलासा द्या.' ह्याच वह्यांवरनं. आन् छापताना माझ्या भाग्यश्री नावाचं भागेश्री केलं, सह्या केल्यावर दिसलं, म्हणून सहा प्रती टोपलीत फेकल्या त्यानं. सातवी, नीट केलेली, मला दिली… त्या सहा मी उचलल्या. पाठकोऱ्याच होत्या ना?

न्हाई, फाडल्या न्हाईत. शिवल्या. पाच वह्यांत पाच, बरोब्बर मधल्या पानाला. वही हातात घेतली का तिथंच उघडती… सहावी कपाटात हाय.

हो, हो… मुद्दाम. खोटं कशाला बोलू तुझ्याशी?

तर आज हेडसर साहेबांना म्हणतो, ही माझीच कल्पना, आमच्या शाळेत कोरा कागद वापरतच न्हाई. मग मला म्हणतो, मॅडम, एक वही दाखवा. मी त्या पाचातली, प्रगती म्हणून पोर हाय तिची दिली… उघडली की. अलीकडं तिचे पाढे, पलीकडं नोटीस. साहेबांनी मोठ्यानं वाचली, खालच्या सहीसकट. मग विचारलं, ह्या भागेश्री मॅडम कोण? म्हणलं, मीच. पण नाव भाग्यश्री हाय.

…घाम पुसत होता, दुसरं काय करणार?

कीव? न्हाई आली. बरं वाटलं, ताई, लई बरं वाटलं. अख्खी दिवाळी मी खुलासा लिहीत बसले, तवा कुणाला आली होती कीव?

आता साहेबांनी त्याच्याकडंच खुलासा मागितलाय. लेखी, आत्ताच्या आत्ता…

थांब, ठेवू नको. हेडसरच दारात आलेत… या ना सर. काय, कागद?… साहेबांसमोर नवा काढता येईना का?… बरोबर हाय. कोरा माझ्याकडंबी न्हाई, सर. पाठकोरा हाय एक, कपाटात. चालंल?… हा घ्या. आन् सर, मागच्या बाजूला माझं नाव चुकलंय. पुढच्या बाजूला तेवढं नीट लिहा.

…हां ताई, गेले. ठेवते आता, घंटा झाली.