पाणमांजरांच्या खडपावर खराटा

नाही, मी म्हणतो, धुवायला दुसरं काही मिळालं नाही? अख्खं घर पडलंय, अंगण पडलंय, मी स्वतः पडलोय... आणि धुतला काय, तर खाडीतला खडप, म्हणजे चक्क कातळ! तुम्हाला सांगतो, जगात आजवर कुणी शी वाहून गेली म्हणून रडलं नसेल. मी रडलो! होय म्हाराजा!

त्याचं असं, आमच्या खाडीत पाणमांजरं. ती वाढली की घटली ते बघायला दरवर्षी अक्षया मॅडम येतात. आता ती काय 'हजर बाई' म्हणून हात वर करतात? छे! मासे खातात, ठरलेल्या खडपावर येऊन बसतात, आणि... बसतात हो! त्यावरून अंदाज काढायचा. गेल्या वर्षी खुणा जेमतेम. मॅडम म्हणाल्या, "सत्यवानदादा, यंदा काहीच दिसलं नाही तर ही खाडी पाहणीतून वगळावी लागेल हं." वगळा? आणि मी 'पाणमांजर सफर' असा बोर्ड रंगवून होडीवर ठोकलाय त्याचं काय? वर पाणमांजराचं चित्र, त्याला मिश्यासुद्धा काढल्यात!

मग आपल्याकडे अडलं की काय करतात? गाराणं! देवाला साकडं! आमच्या वाडीचे गावकार लवूकाका, त्यांना गाठलं, नारळ घेतला, आणि गाराणं घालायचं कुठे, तर जिथे ती येतात तिथेच! डोकं माझंच. बायको, संजना, खडप बघून किंचाळली, "ह्या घाणीत नारळ ठेवतास? देवाक काय वाटात?" घेतला खराटा, घेतली बादली, सगळा पुरावा खाडीत! वर शेणाचा सडा! आणि लवूकाका टिपेला, "बा देवा म्हाराजा, खाडयेतली पाणमांजरा खंय गेली आसतीत थंयसून परत हाड रे, तेंका पोराटोरांनी वाढय रे म्हाराजा!" मी मान खाली घालून, "होय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. खडपावर वाकतात, हुंगतात... "दादा, इथे फिनेलचा वास कसा?" फिनेल! आमच्या बाईसाहेबांनी सकाळी परत धुतला होता! "पावणी येतली, तेंका घाण दाखवतास?" अगो, ती घाणच बघूक इली ना!

मॅडमचा चेहरा एवढासा झाला. मी मनातल्या मनात बोर्डावरच्या मिश्या पुसायला घेतल्या. तेवढ्यात त्यांनी कॅमेरा सोडवला, त्यांनीच पाठवलेला, काही हललं की आपोआप फोटो काढणारा, गाराण्याच्या सकाळी मीच झाडाला बांधून विसरलेला, आणि होडीत येऊन फोटो बघायला लागल्या. पहिला फोटो, संजना, खराटा. पुढचा, संजना, बादली. मग लवूकाका, तोंड उघडं. मग मी, मान खाली. आणि मॅडम ओरडल्या! माझ्या मागे, पाण्यात, डोकी! एक, दोन... अहो, रांगच! गाराणं ऐकतायत! पुढच्या फोटोत आम्ही गेलोय आणि अख्खं कुटुंब त्या चकाचक खडपावर, पिल्लं नारळ ढकलतायत, आई शेपटी वर करून... इतकी देखणी पाठ मी जन्मात बघितली नाही! मॅडम नाचतायत, मी नाचतोय, होडी उलटायला आलीय, "दादा, वाढलीत! पिल्लं आहेत, पिल्लं!" आणि त्याच्या पुढचा फोटो? संजना. मॅक्सी. फिनेल.

आता खाडी पाहणीत राहिली, सफर सुरू झाली. संजना गावभर सांगते, "स्वच्छता बघून इली ती!" आणि मॅडमनी जाताना मला बाजूला घेतलं, "दादा, इथे त्यांना धोका एकच, खराट्याचा. खडपाचे राखणदार आजपासून तुम्ही." मी! ज्याने लग्नापासून त्या खराट्यासमोर एकच वाक्य उच्चारलंय...

होय म्हाराजा!