तातेरावची कोरी मोरी

...अन् मी काय म्हणतो, उदबत्तीनं कधी मोरीचा वास जातो का हो? तुम्हीच सांगा! उदबत्तीचा वास येतो, मोरीचा येतो, अन् दोघांचा मिळून जो तिसरा तयार होतो ना, तो भिंत ओलांडून थेट माझ्या ताटात! कारण तातेरावची मोरी अन् माझा सैपाक, मधी एकच भिंत. अंबडात मला दुसरी जागा मिळत नव्हती का? मिळत होती! पण नशीब म्हणून काही असतं ना राव.

तर हे तातेराव, माझे शेजारी. वाटूरची शेती धाकट्या भावाच्या हवाली केली, अन् दुष्काळ सरला तसं अंबडात सिमिटाचं घर बांधलं. काहून? तर लेक बेबीनंदा लग्नाची झाल्ती. सोयरीक चांगली यायची तर घर चांगलं पाहिजे, अन् घर चांगलं म्हंजे... मोरी! घरातल्या घरात, पांढऱ्या फरशीची, मधी जाळी, जाळीखाली वाकडी नळी, तिथून पाइप भायेर गटारात. अख्ख्या आळीत तशी मोरी न्हाई! बरं, बांधली ना? मंग वापरा की! न्हाई! "डाग पडंल. आधी पाव्हण्यांनी बघू द्या, मंग वापरू." अन् घरची माणसं अंगोळ कुठं करून राह्यले? मागं अंगणात, झाडाखाली, दगडावर! दुष्काळातली सवय, अंगोळीचं पाणी झाडालाच गेलं पाहिजे. कौसल्यावहिनी त्या मोरीला रोज कोरड्या फडक्यानं पुसायच्या, देव्हारा पुसावा तशी. पाण्याचा थेंब म्हणून पडू दिला न्हाई.

अन् तुम्हाला सांगतो, महिना सरला नसंल, त्या कोऱ्या करकरीत मोरीतून असा वास सुटला, असा वास सुटला... म्हंजे वापरलेल्या मोरीला वास आला तर माणूस समजू शकतो, पण हिच्यात कुणी हात धुतला न्हाई अजून!

मंग सुरू झाले उपाय. चुलीतली राख टाकली. वास? बराबर जाग्यावर! चुना टाकला. कडूलिंबाचा पाला जाळीवर अंथरला, वरून डांबराच्या गोळ्या, कोपऱ्यात धूप, खिडकीत कापूर... मोरी हाये का भुताटकीचं घर, कळंना! मी म्हणलो, "वहिनी, फिनेल टाकून बादलीभर पाणी मारा." तर वहिनी कशा म्हणल्या माहिताय? "अगं बाई, पाणी? भाऊजी, पांढऱ्या फरशीवर पाणी?" अन् फिनेलचं फडकं जाळीवर वाळत घातलं! वास? बराबर जाग्यावर, अन् वर दवाखान्यात बसल्यावानी वाटायला लागलं.

बेबीनंदा हुशार पोरगी. ती म्हणली, "आबा, शाळंत बाईंनी शिकवलंय. त्या वाकड्या नळीत पाणी भरून राह्यलं की गटाराचा वास वर चढत न्हाई. पाणी वाळलं की वाट मोकळी. रोज दोन तांबे ओता, बस." तातेराव तिच्यावरच उखडले. "येडी का काय गं तू? आधीच घाण, अन् वरून ओल करू? मच्छरं होतील!" झालं. बापापुढं पोरीचं काय चालतंय?

अन् मंग व्हायचं तेच झालं. बदनापूरकडचे पाव्हणे आले पोरगी बघायला. तुम्हाला माहितीच हाये, पाव्हणा आला की आधी पाय धुवायला पाणी. ते दिलं भायेर ओट्यावर, मोरीकडं न्यायची सोय कुठं होती! पाव्हणे आत बसले, पोह्याच्या बशा समोर आल्या, अन् एकेकाचा रुमाल हळूहळू नाकावर. चहा न घेताच उठले! "कळवतो" म्हणले. काय कळवणार? जालन्यापोतर बोभाटा झाला, की तातेरावच्या घरात काहीतरी मेलंय. तातेरावनं अन्नच टाकलं हो. माझ्या ओट्यावर बसून म्हणले, "ज्या मोरीपायी घर दाखवायचं, तिच्यापायीच पोरगी घरात राह्यली तर?" डोळ्यात पाणी माणसाच्या! मला पण लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंग स्थळ आलं जाफराबादचं. अण्णासाहेब, भारदस्त गडी, मिशा अशा. पोरगा देवानंद, पंचायत समितीत नोकरीला. बेबीनंदानं त्याला मामेबहिणीच्या लग्नात बघितल्तं, म्हणून ह्या बारीला ती पण जीव मुठीत धरून बसलेली. तातेरावनं बादली ठेवली ओट्यावर, मोरीचं दार लावलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, त्याच्यापुढं धान्याचं पोतं. यष्टीतून उतरून अण्णासाहेब आले, पायावर ही धूळ! तातेराव म्हणले, "या, या, पाय धुवा." अण्णासाहेब म्हणले, "इथं? अवो, तुमच्या मोरीची कीर्ती पार आमच्या जाफराबादला पोचली! पांढरी फरशी म्हणे! तिथंच धुतो." अन् बादली उचलून निघाले की! तातेराव मागून, "अवो... दार अडकतंय... पोतं..." पोतं बाजूला, चिंध्या खाली, दार उघडलं... अन् वास? बराबर जाग्यावर!

अण्णासाहेबांनी एकदा नाक फेंदारलं. "काय कुजलंय का हो?" वहिनी म्हणल्या, "न्हाई न्हाई... खताची बैलगाडी गेली वाटतं!" बरं, अण्णासाहेबांचं पाय धुणं म्हंजे साधं काम न्हाई. एक पाय घासला, दुसरा घासला, तोंड धुतलं, घसा खाकरून खुळखुळ गुळण्या केल्या, अन् उरलेली बादली मोरीत धडाम पालथी! तातेराव भिंतीला टेकून उभे, आता "कळवतो" म्हणणार म्हणून.

बैठक बसली. पोहे आले. कुणी रुमाल काढंना! वहिनींनी हळूच वास घेतला... पुन्हा घेतला... अन् तातेरावच्या कानात, "अवो, गेला!" "कोण गेला?" "वास!" तातेराव मोरीत जाऊन आले, जाळीला नाक लावून आले, अन् भरल्या बैठकीत अण्णासाहेबांचे पायच धरले! "पायगुण! पाव्हणे, काय पायगुण हाये तुमचा! घरातली सारी पीडा गेली!" आता मला सांगा, आपल्या पायगुणाची अशी तारीफ ऐकल्यावर कोणता माणूस सोयरीक मोडील? तिथंच सुपारी फुटली! बेबीनंदा दाराआडून गालातल्या गालात हसून राह्यली.

लग्न झालं थाटात. मोरी पुन्हा पुसून कोरडी, दाराला कडी. मंग काय, वास बराबर जाग्यावर! तातेरावनं माणूस धाडला जाफराबादला. अण्णासाहेब आले, पाय धुतले, वास गेला. ते गेले, वास आला. पुन्हा माणूस, पुन्हा अण्णासाहेब! शेवटी ते म्हणले, "व्याही, तुमच्या घराला माझा एवढा गुण येतोय, तर सारखं ये-जा कशाला? राहतोच की!" अन् राह्यले हो! सकाळी लोण्याचा गोळा, दुपारी पुरण, संध्याकाळी पान, अन् दिवसातून चारदा त्या गुळण्या! भिंतीपल्याड मी, मला घास उतरंना.

परवा मी तातेरावला बाजूला घेतलं. म्हणलो, "अवो, पोरगी सांगत होती तेच बराबर हाये. रोज दोन तांबे पाणी ओता, अन् पाव्हण्याला द्या यष्टीत बसवून!" तातेरावनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन् हळूच म्हणले, "मला कळलंय ते. पोरीनं लग्नानंतर समदं समजावून सांगितलं. पण पोरीच्या सासऱ्याला आता कोणत्या तोंडानं सांगू, की गुण तुमच्या पायाचा नव्हता, बादलीचा होता? असू द्या... जेवतील बिचारे."